रांगेतली मोकळी जागा

१

जानेवारी लागला की मोर्सेल गावातल्या बायका रविवारच्या नावाने बोटं मोडतात. नवरे उजाडताच उठतात, इस्त्री कुठे आहे म्हणून ओरडतात, पितळी बटणं घासायला स्वयंपाकघरातलं व्हिनेगर पळवतात, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या शिपायांचे कपडे चढवून जत्रेच्या मैदानात कवायत करायला जातात. फेब्रुवारीत गावच्या लढाईचा दिवस पाळायचा असतो, त्याची ही तालीम. १८१४च्या हिवाळ्यात नेपोलियनकडे माणसंच उरली नव्हती. त्याने गावोगावची मिसरूड न फुटलेली पोरं उचलली आणि इथल्या बर्फात उभी केली. त्या दिवशी सम्राट जिंकला म्हणतात. मोर्सेलची पोरं मात्र घरी आली नाहीत.

गिस्लँ कोलार हे या सगळ्या खटाटोपाचे मास्तर. उभा जन्म त्यांनी गावच्या शाळेत इतिहास शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर मोठ्या माणसांच्या मानगुटीवर बसले. कुणाच्या कोटाला मशीनचा टाका दिसला की तिथल्या तिथे उसवायला लावत. मनगटावर घड्याळ राहिलं तर चारचौघांत खरडपट्टी काढत. लोक त्यांना पाठीमागे 'टाकेमोजे' म्हणत. मास्तरांच्या ते कानावर होतं आणि मनातून त्यांना आवडतही होतं.

त्या काळी रांगेत उभं राहायची एक रीत होती. मान वळवायची नाही, नजर समोर. शेजारी माणूस आहे की नाही ते डोळ्यांनी नाही, कोपराने ओळखायचं. कोपराला कोपर जेमतेम टेकलेलं हवं, मग चालत असा, थांबलेले असा, धुरात असा नाहीतर धुक्यात. मास्तरांनी हे आपल्या मुलाला, ओरेलियाँला, तो एवढासा असताना जेवणाच्या टेबलावर शिकवलं होतं. सूप पिता पिता पोरगं बापाच्या कोपराला दोनदा कोपर लावायचं. टक, टक. म्हणजे, मी आहे. तिशीला आला तरी कवायतीत बापाच्या शेजारी उभा राहिला की अजून तेच करायचा.

समारंभाची रांग लागली की मात्र बापलेकांच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी ठेवत. ती लढाईत गेलेल्यांची. कप्तान एकेक नाव पुकारतो आणि मोकळ्या जागेच्या उजव्या हाताला उभा असलेला माणूस त्या मेलेल्याच्या वतीने उत्तर देतो: "रणात पडला!" ढोलावर एक टोला पडतो. मग पुढचं नाव. हे उत्तर द्यायचा मान कित्येक वर्षं मास्तरांचा होता.

२

त्या वर्षी पहिल्याच तालमीला धुकं होतं. कप्तान फिर्मँ दोतेल, एरवी गावच्या गाईगुरांचे डॉक्टर, घसा ताणून समारंभाच्या रांगेचे हुकूम सोडत होते. रांग लागली. मास्तरांनी नजर समोरच्या पॉप्लरच्या झाडांवर लावली.

आणि त्यांच्या डाव्या कोपराला कोपर टेकलं.

मास्तर मनातल्या मनात चिडले. पोराने जागा बुजवली होती. आता हुकूम सुटेपर्यंत बोलायची सोय नव्हती. ते तसेच उभे राहिले. जाड लोकरीच्या बाहीतून त्यांना गारवा जाणवला. विहिरीतून नुकत्याच काढलेल्या बादलीला हात लागावा तसा. 'आराम'चा हुकूम आल्याबरोबर त्यांनी मान वळवली.

जागा मोकळीच होती. चांगली माणूसभर. त्या जागेतल्या गवतावरचं पांढरं दहिवर मोडलेलंसुद्धा नव्हतं. पलीकडे ओरेलियाँ उभा होता आणि तो बापाकडेच बघत होता.

"तू आत का सरकलास रे?" मास्तर म्हणाले.

"मी? बाबा, तूच सरकलास. मघापासून तुझं कोपर लागतंय मला."

"मी तसूभर हललो नाही."

"मग मीही नाही."

"काय मास्तर," कप्तान दोतेल लांबून ओरडले, "सकाळी सकाळी बापलेकांची जुंपली का? जरा वाईन तरी पोटात जाऊ द्या!"

सगळे हसले. ओरेलियाँही हसला, पण हसता हसता उजवी बाही झटकत होता. तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

"दहिवर," मास्तर म्हणाले.

"हो, दहिवरच असेल," तो म्हणाला. त्याची डावी बाही कोरडी ठणठणीत होती.

काडतुसांच्या पेटीचा पट्टा कोपराला लागला असेल, असं मास्तरांनी ठरवलं. पुढच्या रविवारी त्यांनी पेटी मुद्दाम मागे सरकवली. कोपर टेकलं ते टेकलंच.

३

आता यामागे काय घडलं होतं तेही सांगायला हवं, कारण मास्तर ते स्वतःशीसुद्धा कबूल करायला तयार नव्हते.

सव्वा वर्षापूर्वीच्या शरदात गावाबाहेरच्या जुन्या पाणचक्कीचा गाळ काढला, तेव्हा चाकाखाली हाडं सापडली. बरोबर पलटणीची बटणं होती, आणि गळ्यात बाप्तिस्म्याचं पदक. पदकावर नाव कोरलेलं: नार्सिस ताव्हर्नो. गाव हळहळलं. चर्चमधल्या दगडावर हे नाव होतंच. पोर घरी आलं म्हणून बायकांनी मेणबत्त्या लावल्या.

मास्तरांनी मात्र नकाशा काढला. शत्रू पूर्वेला, पाणचक्की पश्चिमेला. हाडांजवळ ना काडतुसांची पेटी, ना छातीवरचे पट्टे. म्हणजे सगळं फेकून पोरगं रांग सोडून पळालं, चाकाखाली लपलं आणि बुडून मेलं. गावच्या मासिकात त्यांनी तसा लेखही लिहिला. त्यानंतरच्या, म्हणजे गेल्या फेब्रुवारीतल्या समारंभात कप्तानाने "नार्सिस ताव्हर्नो!" असं पुकारलं आणि मास्तरांनी तोंड उघडलं नाही. खोटं उत्तर ते कसं देणार? ढोलवाला टिपरू उगारून ताटकळला. मैदान गप्प झालं. शेवटी कप्तानाने खाकरून पुढचं नाव घेतलं.

त्या शांततेत ओरेलियाँने मान वळवून बापाकडे पाहिलं होतं. रांगेत असताना त्याने मान वळवल्याची ती पहिलीच वेळ. मास्तरांना तेव्हा त्याच्या बेशिस्तीचाच राग आला.

ओरेलियाँ खराखुरा सैनिक होता. मालीच्या वाळवंटात त्याच्या पुढची गाडी सुरुंगावर चढली. त्यानंतर काही महिन्यांत तो मुदत संपायच्या आधीच नोकरी सोडून घरी आला आणि द्राक्षमळ्यांत वेली छाटायला जाऊ लागला. मास्तर यावर कधी एक अक्षर बोलले नाहीत. आपण फार समजूतदारपणा दाखवला, असं त्यांना वाटत होतं.

४

नगरपालिकेने त्या वर्षी रांगेचं मोठं तैलचित्र काढायला ओरियान नावाची चित्रकार बोलावली होती. दर तालमीला ती मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसून कोळशाने कच्ची चित्रं काढायची. तिसऱ्या रविवारी कवायत आटोपल्यावर तिने ती कॅफेच्या टेबलावर पसरली.

"मास्तर, बघा आणि बटणं मोजा," ती म्हणाली. "मोजल्याशिवाय तुम्हाला काही कॉफी गोड लागायची नाही."

मास्तरांनी चष्मा चढवला. बटणं बरोबर होती. उंच टोप्या बरोबर होत्या. आणि त्यांच्या नि ओरेलियाँच्या मध्ये एक माणूस उभा होता.

"ही जागा मोकळी असते," मास्तर म्हणाले.

"कुठली? ही? छे. मी समोर दिसतं तेच काढते."

"मागच्या रांगेतला दिसला असेल फटीतून."

"असेल बुवा."

मास्तरांना हायसं वाटलं. अर्थात, मागच्या रांगेतला! इतकी साधी गोष्ट. त्यांनी कॉफीचा घोट घेतला, आणि मग त्यांची टाके मोजायची सवय आडवी आली. रांगेतल्या प्रत्येकाच्या छातीवर दोन पांढरे पट्टे फुलीसारखे आडवे गेलेले होते. या एकाच्या छातीवर काहीच नव्हतं.

"तुमच्या या माणसाला जरा दम भरा," ओरियान दुसरं चित्र पुढे सरकवत म्हणाली. "पहिल्या रविवारी सरळ उभा होता. दुसऱ्याला मान वळवायला लागला. आज तर बघा, तुमच्या मुलाशी गप्पा मारतोय."

तिसऱ्या चित्रात त्या माणसाचं तोंड ओरेलियाँच्या कानाशी होतं. चेहरा तिने काढला नव्हता, नुसता कोळसा फिरवला होता.

"चेहरा का नाही काढला?"

"काढला होता," ती म्हणाली. तिने कागद गोळा केले. "ओला दिसायला लागला, म्हणून पुसला. कॉफी घ्या ना, गार होतेय."

५

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी बापलेक गॅरेजमध्ये बंदुका पुसत बसले होते. ओरेलियाँला खोकला झाला होता. कोट खुंटीला टांगलेला होता आणि त्याच्या उजव्या बाहीखाली जमिनीवर पाण्याचं थारोळं झालं होतं. आठवडाभर तो कोट तिथेच होता.

"उद्या नको येऊस," मास्तर म्हणाले. "खोकतोयस."

"तो 'चल' म्हणतो," ओरेलियाँ बंदुकीवरून नजर न काढता म्हणाला.

"कोण?"

"तुला माहीत आहे कोण. नुसतं 'चल' म्हणतो. ओरडत नाही, घाबरवत नाही. शाळेत शेजारचा पोरगा म्हणतो ना, चल, मागच्या दाराने सटकू, तसं."

मास्तरांनी हातातली बंदूक खाली ठेवली. "तुला झोप नाही. डॉक्टरला दाखवू आपण."

"बाबा, एवढं एक वाक्य म्हण ना. त्याचं नाव घेतील तेव्हा म्हणून टाक. काय जातं तुझं?"

"ते खोटं आहे."

"तो मेला नाही?"

"मेला. पण रणात नाही."

"मग कुठे? चहा पिता पिता?" ओरेलियाँने फडकं खाली टाकलं. "पळणारा माणूसही रणातच पळत असतो, बाबा. तिथून बाहेर यायला होत नाही त्याला. चाकाखाली बसून तो काय लढाई संपली असं समजला असेल? तू त्याला मेलेल्यांत घेतलं नाहीस आणि जिवंतांत तो नाहीच. मग त्याने उभं कुठे राहायचं?"

"तू त्याच्यात स्वतःला ओढू नकोस. मी तुला कधी काही म्हटलं?"

"नाही म्हटलंस. तू गप्प बसतोस. गप्प बसणं तुला फार छान जमतं."

दारात ओरेलियाँची आई, जोझियान, उभी होती, हातावर कणकेचं पीठ तसंच. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "गिस्लँ, उद्या म्हण. माझ्यासाठी म्हण." मास्तरांनी मान डोलावली.

"आणि तू घरी थांब," त्यांनी मुलाला पुन्हा सांगितलं.

"नाही आलो तर पुन्हा पळालो म्हणशील," ओरेलियाँ म्हणाला, आणि खोकत खोकत हसला.

६

दुसऱ्या दिवशी बर्फ भुरभुरत होता आणि मैदानाच्या कडेला धुकं साचलं होतं. सगळं गाव मैदानाच्या दोरीबाहेर जमलं होतं. गरम वाईनची पातेली वाफाळत होती, पोरं बापांच्या खांद्यांवर बसली होती. रांग लागली. लागताक्षणी कोपर टेकलं. आज ते जेमतेम टेकलं नव्हतं, चांगलं रेटत होतं.

कप्तान दोतेल यांनी पुकारायला सुरुवात केली. मास्तर उत्तरं देत गेले. रणात पडला. टोला. रणात पडला. टोला. वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी ते सकाळी आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं.

"नार्सिस ताव्हर्नो!"

मास्तरांनी तोंड उघडलं. समोर दोरीपलीकडे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे चेहरे होते. त्यांनी लेख वाचलेला होता. उभा जन्म ज्यांच्या वह्यांत चुकीच्या उत्तरावर लाल फुली मारली, त्यांच्यासमोर चुकीचं उत्तर द्यायचं. मास्तर फक्त अडखळले. बस, एक श्वास.

त्या श्वासात डावीकडून आवाज आला. पोरसवदा, थोडा घोगरा, अगदी प्रेमाने बोललेला.

"चल."

कोपर निघून गेलं.

"रणात पडला!" मास्तर किंचाळले. "पडला! रणात पडला!"

ढोलावर टोला पडला. मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा रांगेत असताना मान वळवली. मोकळी जागा दोन माणसांची झाली होती. ओरेलियाँची बंदूक बर्फावर आडवी पडली होती, आणि तिच्यापासून पश्चिमेला, पाणचक्कीकडे, पावलं गेली होती. एकाच माणसाची.

पण मास्तरांनी धुक्यात पाठमोऱ्या पाहिल्या त्या दोन आकृत्या. कोपराला कोपर लावून, पावलाला पाऊल जुळवून त्या धावत होत्या. एकीच्या पाठीवर पांढऱ्या पट्ट्यांची फुली होती, दुसरीच्या नव्हती. मग पॉप्लरच्या झाडांमागे धुकं दाट झालं. मास्तर धावले, सगळं गाव धावलं. पाणचक्कीचं पाणी काळं आणि स्वस्थ होतं, आणि काठाला एक उंच टोपी लागली होती.

७

पाण्यात पाणबुडे उतरवले, नदी दोन गावांपर्यंत धुंडाळली. ओरेलियाँ सापडला नाही. पोलिसांनी मन बिघडलेल्या माजी सैनिकाची आत्महत्या ठरवली आणि मास्तरांनी खालमानेने ते ऐकून घेतलं. दुसरं काय सांगणार होते ते?

ओरियानचं चित्र नगरपालिकेत लागलं. त्यात मोकळी जागा मोकळीच आहे. मास्तर तिथे जात नाहीत.

वर्ष गेलं. गटातल्या पोरांनी कप्तानाला गळ घातली की आपला ओरेलियाँही लढाईनेच गेला, त्याचंही नाव पुकारा. दोतेल टोपी हातात घेऊन घरी आले. "मास्तर, उत्तर दुसऱ्या कुणी दिलं तरी चालेल. तुम्हाला झेपेल का?"

"तोच देईल," जोझियान म्हणाली. वर्षभरात ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलली होती. दोतेल गेल्यावर तिने मास्तरांचा हात घट्ट धरला. "या वेळी अडखळू नकोस. माझं पोर त्या पाण्यातून सुटू दे. मला वचन दे." मास्तरांनी वचन दिलं आणि ते मनापासून दिलं.

त्या वर्षी मास्तर एकाही तालमीला गेले नाहीत. गेले ते थेट समारंभाला. मोकळ्या जागेच्या पलीकडे आता बेकरीतला लोईक उभा होता. त्याला नुकतीच मुलगी झाली होती. दोरीबाहेर त्याची बायको बाळाला शालीत गुंडाळून उभी होती आणि शेजारी जोझियान होती.

नावं सुरू झाली. नार्सिस ताव्हर्नोचं नाव आलं तेव्हा मास्तरांनी मैदान दणाणेल असं उत्तर दिलं. डावीकडे काही नव्हतं, कोपराला नुसती हवा लागत होती. तो पोरगा सुटला होता. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे उत्तराने माणूस सुटतो, हे खरं होतं.

"ओरेलियाँ कोलार!"

मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला, आणि कोपराला कोपर टेकलं.

टक, टक.

गारवा बाहीतून वर चढत खांद्यापर्यंत आला. त्यांनी मान वळवली नाही. वळवली तर जागा मोकळी दिसेल, हे त्यांना ठाऊक होतं. दोरीपलीकडे जोझियानने दोन्ही हात तोंडावर धरले होते. ढोलवाल्याचं टिपरू वर उगारलेलं होतं. एक वाक्य म्हटलं की हे कोपर पुन्हा कधीही टेकणार नव्हतं.

"मास्तर," पलीकडून लोईक ओठ न हलवता कुजबुजला, "जरा सरका की तिकडे. तुमचं कोपर लागतंय मला. किती गार पडलंय ते."

मास्तरांनी ऐकलं. लोईकच्या बायकोच्या कडेवरचं बाळ रडायला लागलं, तेही ऐकलं. मग त्यांनी नजर समोरच्या पॉप्लरच्या झाडांवर लावली, डावं कोपर किंचित बाहेर काढून त्या कोपराला नीट टेकवलं, आणि ओठ मिटून घेतले.